वाऱ्याचा फोटो

आधी माफी मागतो. माणसांबद्दल लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आजवर मी लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर महिन्यातून एकदा घरी धाडायच्या पोस्टकार्डावर, आणि तेही "इकडे सर्व ठीक आहे" एवढंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी 'पाहिलेलं एक माणूस' लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी आजोबा, मुख्याध्यापक, गावचा पैलवान असे सगळे भराभर वाटून घेतले. माझ्या वाट्याला नाना आले. खरं सांगायचं तर मीच त्यांना कोणाला दिलं नाही.

दुसरी माफी नानांची. त्यांना न विचारता लिहितो आहे. शिवाय त्यांच्या अकरा-बारा वर्षांच्या खटपटीची माझ्या हातून माती झाली, असं मी आत्ता आत्तापर्यंत समजत होतो. म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. धुळ्यातले लोक ओळखतीलच.

धुळ्याला बी.ए.ची पहिली दोन वर्षं मी नानांच्या घरात भाड्यानं राहत होतो. खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का, आणि वर पत्र्याची एक खोली. तिच्यात मी आणि स्टुडिओतल्या मोडलेल्या खुर्च्या राहत असू. खोली मागायला गेलो तेव्हा मी घरून पाठ करून आणलेलं शुद्ध मराठी बोललो. नानांनी भाडं सांगितलं नाही, जात-गाव विचारलं नाही. शिरपूरकडचा आहे एवढं कळल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाला हिवाळ्यात वारा कुठून येतो?"

मी घाबरलो. हा प्रश्न कुठल्याच गाइडमध्ये नव्हता. म्हणालो, "सातपुड्याकडून. बहुतेक."

"बहुतेक म्हणतोस ना? मग राहा," ते म्हणाले. छातीठोक बोलणारे भाडेकरू त्यांना चालत नसत, हे मला नंतर अक्कांनी सांगितलं.

नाना फोटो काढत तो प्रकार बघण्यासारखा असे. दुसऱ्या स्टुडिओत 'हसा' म्हणतात. नाना म्हणत, "श्वास सोड." गिऱ्हाईक श्वास सोडायचं आणि पुढचा घ्यायच्या आत खटका पडायचा. त्यामुळे धुळे आणि आजूबाजूच्या पाच-पंचवीस खेड्यांतल्या परीक्षार्थींचे हॉल तिकिटावरचे फोटो एकसारखे दिसत. सगळे नुकतेच ओझं उतरवून बसल्यासारखे. माझाही तसाच आहे. परीक्षेत देखरेखीला असलेल्या सरांनी एकदा तो बघून विचारलं होतं, "तुझं बरं चाललंय ना?"

स्टुडिओच्या भिंतीवर नवरा-नवरींच्या फोटोंची गर्दी होती. या गर्दीच्या बरोबर मध्ये एक मोठी सागवानी चौकट टांगलेली होती, काच लावलेली, आत काही नाही. काळा पुठ्ठा फक्त. गिऱ्हाइकं तिला आरसा समजत आणि तिच्यात बघून भांग पाडत. नाना काही म्हणत नसत. पण गिऱ्हाईक गेलं की उठून, पंच्यानं काच पुसत.

त्या चौकटीची गोष्ट स्टुडिओतल्या पडद्यापासून सुरू होते. फोटो काढताना मागे सोडायला नानांनी एका पेंटरकडून पडदा रंगवून घेतला होता. निळा समुद्र, त्यात शिडाची होडी, काठावर वाकलेले माड, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. पेंटर धुळ्याचा, नाना धुळ्याचे. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. त्या पडद्यापुढे बसून कित्येक नवरा-नवरींनी फोटो काढले आणि कोणाचीच काही तक्रार नव्हती.

मग नानांचे शाळेतले एक सोबती रजेवर आले. ते कोकणच्या किनाऱ्यापासून आत, समुद्रातल्या एका खडकाएवढ्या बेटावर दीपगृहाची नोकरी करत. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा पडद्यापुढे फोटोला बसले, सहज मागे वळले, आणि असे हसायला लागले की नानांना त्या दिवशी फोटो काढताच आला नाही. पडद्यावर माड डावीकडे वाकले होते आणि होडीचं शीड उजवीकडे फुगलं होतं.

"एक पडदावर दोन वारा," आबा आमच्या अहिराणीत म्हणाले. "हाऊ कोनता समुद्र शे, भाऊ?"

हे नानांना फार लागलं. इतकी वर्षं आपण खोट्या वाऱ्यात लोकांची लग्नं लावली, असं ते म्हणत. त्याच हिवाळ्यात ते आबांबरोबर बेटावर गेले, आणि मग दर हिवाळ्यात जाऊ लागले. तिथला वारा फोटोत आणायचा आणि त्या चौकटीत लावायचा, एवढंच त्यांचं काम होतं. ते जमलं की पडदा जाळणार होते.

आता हिवाळा म्हणजे लग्नसराई. तुळशीचं लग्न लागलं की फोटोवाल्याला जेवायला फुरसत नसते, आणि नाना नेमके तेव्हाच पंधरा दिवस गायब. लग्नं मग अक्का करत. गळ्यात कॅमेरा अडकवून, पदर खोचून त्या मांडवात शिरल्या की बायका त्यांना सरळ नवरीच्या खोलीत नेत, जिथे पुरुष फोटोवाल्याला उंबऱ्यापाशी थांबवतात. अक्कांच्या फोटोंत नवऱ्या हसत असायच्या. काही गिऱ्हाइकं तर तारीख ठरवताना हळूच विचारून घेत, की त्या दिवशी नाना नक्की नसतील ना.

कोणी नानांची चौकशी केली की अक्का गंभीर चेहऱ्यानं सांगत, "माहेरले गयात." आणि खरोखर लेकीला धाडावं तशी त्यांची तयारी करत. भरताची वांगी, भाकरीला ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेवेचा डबा, मिरचीचा ठेचा. एका वर्षी तर त्यांनी नानांच्या कपाळाला कुंकूही लावलं, आणि नाना ते तसंच घेऊन एसटीत बसले.

परत आल्यावर नाना रोल धुवत. बारा फोटोंचा एकच रोल ते नेत आणि दिवसाला एकच फोटो काढत. पहिल्या वर्षी मी ते फोटो पाहिले तेव्हा मनापासून आवडले. खडक, पाणी, आभाळ, उभं दीपगृह. मी तसं म्हणालोही. नानांनी भिंग लावून एक एक तपासला आणि बाराव्या फोटोनंतर ते खाली ठेवलं.

"बठ्ठं उनं," ते म्हणाले. "वारा नई उना." सगळं आलं, वारा तेवढा नाही आला.

हे वाक्य त्या घरात दरवर्षी जानेवारीत उच्चारलं जाई. अक्कांना ते इतकं पाठ होतं की पहिला अर्धा भाग नाना म्हणत आणि दुसरा स्वयंपाकघरातून येई.

अडचण अशी होती की त्या बेटावर हलण्यासारखं काही नव्हतं. झाड नाही, गवत नाही. दीपगृह दगडाचं. त्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण होता, तो गंजून कायमचा पश्चिमेकडे बघत बसलेला. लाटांचं मी एकदा सुचवलं. नाना म्हणाले, लाट पाण्याची असते, तिच्यात वाऱ्याचा हिस्सा किती हे कोणी सांगावं? मग मी भीत भीत म्हणालो, एखादा झेंडा लावला तर? नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना चढून खोलीत गेलो. स्टुडिओत ते लोकांच्या हनुवट्या बोटानं वर करत, खांदे सरळ करत, बाळांच्या हातात खुळखुळे देत. पण बेटावर हातानं काही ठेवायचं नाही हा त्यांचा नेम होता. ठेवून वारा आणायचा तर पडदा काय वाईट होता?

दुसऱ्या वर्षी तीन गोष्टी एकदम झाल्या. नानांचा गुडघा गेला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, डॉक्टरांनी हिवाळा संपला की ऑपरेशन म्हणून सांगितलं. आणि आबांचं पत्र आलं की ते जानेवारीअखेर निवृत्त होणार. आबा नसले तर बेटावर पाऊल ठेवायला कोण देणार? म्हणजे हा शेवटचा रोल. शेवटचे बारा.

अक्कांनी मला खाली बोलावलं. नानांना एकटं पाठवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी सोबत जावं, कॅमेऱ्याचं तिकाटणं उचलावं, उतारावर हात द्यावा. मी म्हणालो, माझे तास बुडतील. अक्का म्हणाल्या, अर्थशास्त्राचं पुस्तक सोबत ने, तिथं वाचण्याशिवाय दुसरं काहीच नाही. नाना रागावून म्हणाले, बोलणारं माणूस बेटावर नको. त्यावर अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हाऊ बोलस का कधी?"

नानांनी तिकाटणं काढून माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं.

तीन एसट्या बदलून आम्ही किनाऱ्याला पोहोचलो. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तापीला पूर आल्यावर पलीकडचा काठ दिसेनासा होतो तसं वाटलं, फक्त इथे पूर ओसरायची कोणी वाट बघत नव्हतं. होडीत मी सबंध वेळ डोळे मिटून होतो आणि कळण्याची भाकरी समुद्राला देत होतो. नाना शेजारी ताठ बसून, एक बोट ओलं करून वर धरून वारा बघत होते.

बेटावर एक दीपगृह, एक खोली, पाण्याची एक टाकी आणि आबा. आबा रात्रभर दिव्यापाशी जागत आणि सकाळी झोपत. नाना सकाळी बाहेर पडत आणि दिवस मावळला की झोपत. दोघांची भेट बहुतेक होतच नसे. खोलीत एक पाटी होती. तिच्यावर आबा लिहून ठेवत, 'वारा ईशान्य, मंद. भरीत चांगलं झालं.' नाना खाली लिहीत, 'फोटो नाही. मीठ जास्त.' शाळेपासूनची मैत्री असल्या पाटीवर टिकली होती आणि दोघांनाही त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

नानांचा दिवस म्हणजे बेटाच्या टोकाला डब्यावर बसणं. समोर तिकाटण्यावर कॅमेरा, डोळ्याला न लावता वरून वाकून बघायचा असतो तसला. दूर दीपगृह. ते दिवसभर बसत आणि संध्याकाळी एकदाच खटका दाबत, बहुतेक वेळा नाइलाजानं. बोलायचं नाही हा नियम मला अजिबात जड गेला नाही. मी सावलीत बसून मागणी आणि पुरवठा वाचत होतो. अधूनमधून नानांकडे बघत होतो. घरी सारखे चिडचिड करणारे नाना तिथे एखाद्या मुलासारखे दिसत. डोळे बारीक करून बघत. त्यांना काय दिसत होतं आणि काय नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

अकरा दिवस वारा पडलेला होता. अकरा फोटो गेले. एक राहिला.

बाराव्या दिवशी दुपारी होडी येणार होती. सकाळी उठलो तर हवा बदललेली. आभाळ धुतल्यासारखं, आणि वारा असा की खोलीचं दार धरून उघडावं लागलं. नाना काठी टेकत, माझा हात न धरता टोकाकडे गेले. मी तिकाटणं पोहोचवून परत आलो, कारण मला निघायची तयारी करायची होती.

आता माझी चूक सांगतो. माझ्या आईची एक शिस्त आहे. दुसऱ्याच्या घरून निघताना आपण वापरलेलं सगळं धुऊन निघायचं, मळकं बोचकं बांधून पाहुण्याच्या दारातून जायचं नाही. टाकीतलं गोडं पाणी मोजून वापरायचं असल्यानं बारा दिवस माझा टॉवेल धुतलेला नव्हता. शेवटच्या दिवशी आबांनी पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'पोराला एक बादली.' मी अंघोळ केली, उरलेल्या पाण्यात टॉवेल धुतला. सोलापुरी, रुंद पट्ट्यांचा. मी कॉलेजला निघालो तेव्हा आईनं शिरपूरच्या बाजारातून जोडी आणली होती, एक मला आणि एक घरी. खडकावर टाकला तर खारं पाणी उडत होतं. म्हणून मी दीपगृहाच्या सगळ्या पायऱ्या चढून गेलो आणि वरच्या कठड्याला टॉवेल बांधला. आमच्याकडे शेतात बांधतात तशी दोन टोकांना पक्की गाठ मारून. मला स्वतःचं कौतुक वाटलं. अर्ध्या तासात खडखडीत वाळला. घडी करून पिशवीत ठेवला आणि खाली आलो.

होडीत नाना पहिल्यांदा आपणहून बोलले. "आज उना वाटस," ते म्हणाले. इतकंच. मग त्यांनी कॅमेरा मांडीवर घेऊन त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, झोपलेल्या बाळावर ठेवावेत तसे. मला फार आनंद झाला. इतका की येताना मला उलटीही झाली नाही.

धुळ्याला पोहोचलो त्याच दुपारी त्यांनी रोल धुतला. संध्याकाळी मी खाली गेलो तर दोरीवर चिमट्यांना बारा फोटो लटकत होते. मी शेवटच्यापाशी गेलो. उजेड सुरेख. दगडाचा कण न् कण दिसत होता. आणि दीपगृहाच्या कठड्याला, मधोमध, माझा टॉवेल. ताठ, आडवा, पट्ट्यांसकट.

नाना माझ्या मागे भिंग घेऊन उभे होते.

"हाऊ तुना शे?" त्यांनी विचारलं.

मी शुद्ध मराठीत म्हणालो, "हो."

"हं," नाना म्हणाले.

त्यांना तो कॅमेऱ्यातून दिसलाच नव्हता. मोतीबिंदूत कठड्यावरचा टॉवेल काय आणि कबूतर काय. ते रागावले असते तर मी पाया पडलो असतो. पण ते नुसतं "हं" म्हणाले, फोटो पाकिटात घातला, पाकीट खणात, आणि पंच्यानं रिकाम्या चौकटीची काच पुसली. त्या वर्षी ते नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरातून दुसरा अर्धा भागही आला नाही. मला ते सगळ्यात जास्त टोचलं.

त्यानंतर तीन महिने मी त्या घरात चोरासारखा राहिलो. नानांचं ऑपरेशन झालं, डोळ्याला हिरवी पट्टी आली, मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. ते ऐकत आणि मध्येच "हं" म्हणत. बातमीला म्हणत की मला, कळत नसे. परीक्षा संपल्यावर मी कॉलेजच्या जवळ जागा मिळाली असं अक्कांना सांगून निघालो. ते अर्धं खोटं होतं. पुढचं वर्षभर त्या रस्त्यानं गेलो नाही, बाजारात जायला लांबचा वळसा घातला. मग एम.ए.ला जळगावला आलो. टॉवेल बरोबर होता, पण मी तो खोलीतच, दाराआड वाळवतो.

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी ती दुसरी. अर्जावर लावायच्या फोटोसाठी वडील तिला धुळ्याला घेऊन गेले आणि स्टँडवर कोणी सांगितलं त्या स्टुडिओत शिरले. मी तिथे राहत होतो हे दोघांच्या ध्यानात नव्हतं. तिनं लिहिलंय ते जमेल तसं देतो.

नवरा-नवरींच्या मध्ये एक मोठी चौकट होती, तिच्यात समुद्रातल्या एका दीपगृहाचा फोटो होता आणि दीपगृहावर आपल्या घरातला टॉवेल होता. ती बघतच राहिली. पट्टे तेच. आणि गाठ आपल्या शेतातली. तिनं म्हटलं, हा आमच्या दादाचा टॉवेल आहे. तेव्हा आतून अक्का आल्या, तिच्या हाताला धरून बसवलं, आणि चहा होईपर्यंत सगळं सांगितलं.

नाना माझ्यावर रागावले नव्हते. ते विचार करत होते. त्यांना विचाराला वेळ लागतो. टॉवेल हातानं बांधलेला, म्हणजे नेम मोडला की नाही, यावर ते सबंध तीन वर्षं अडून बसले होते. अक्का रोज सांगत, पोरानं तो फोटोसाठी घातला नव्हता, वाळायला घातला होता. नाना म्हणत, "हं."

मग दिवाळीत आबा आले. त्यांना टॉवेलाची गोष्ट ठाऊकच नव्हती, त्या सकाळी ते झोपले होते. नानांनी काही न सांगता फोटो त्यांच्या हातात दिला. आबांनी तो खिडकीपाशी नेला, कठडा बघितला, टॉवेल बघितला. आयुष्यभर रोज वहीत वारा लिहिलेला माणूस तो. म्हणाले, "उत्तरना वारा. सकायना शे. टोपी हातमा धरनी पडी." नानांनी खणातून फोटोंच्या नोंदीची आपली वही काढली. बाराव्या फोटोपुढे लिहिलं होतं: सकाळ, उत्तर, टोपी उडाली.

आबांनी ते वाचलं आणि वही फोटोशेजारी ठेवली. मग नानांनी स्टूल मागितलं आणि चौकट भिंतीवरून उतरवली. अक्कांनी लागलीच पडदा जाळायची आठवण केली, तर नाना म्हणाले, राहू दे, लोकांना आवडतो.

बहिणीचा फोटो त्यांनीच काढला. श्वास सोड म्हणाले, तिनं सोडला. निघताना ती पुन्हा चौकटीपाशी थांबली आणि म्हणाली, आईला सांगते, तुझा टॉवेल धुळ्याला भिंतीवर लागला आहे.

नानांनी नव्या चष्म्यातून आधी तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"तो टावेल नई, बेटी," ते म्हणाले. "तो वारा शे. तुना भाऊले सांगजो, उना म्हनीसन."